दोन समस्थानिकांची साक्ष

युरेनियमचा विषय निघाला की बोलणे बॉम्बकडे वळते, नाहीतर अणुभट्टीकडे. १७८९ साली बर्लिनच्या मार्टिन क्लॅपरोथने पिचब्लेंड या काळ्या, जड खनिजात हे मूलद्रव्य ओळखले आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाचे नाव त्याला दिले. पुस्तकांतली हकीकत येथून सुरू होते. मला आज त्याच्या फार मागे जायचे आहे. माझे प्रतिपादन असे की, हे द्रव्य पृथ्वीने घडवलेले नाही. पृथ्वी आकाराला येण्यापूर्वीच ते तयार झालेले होते. आणि याचा पहिला पुरावा आकाशात शोधावा लागत नाही, तो खाणीतून निघालेल्या खनिजाच्या ढेकळातच आहे.

खाण झारखंडमधल्या जादुगुडाची असो की कॅनडातली, तिच्यातल्या युरेनियमचे हजार अणू घेतले तर ९९३ अणू २३८ भाराचे आणि ७ अणू २३५ भाराचे निघतात. या दोन समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच, त्यामुळे खडक वितळो, थिजो की झिजो, त्यांची वाटणी जवळजवळ बदलत नाही. फरक आहे तो आयुष्याचा. २३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, तर २३५ चे जेमतेम ७० कोटी. म्हणून काळात जितके मागे जावे तितका २३५ चा वाटा वाढत जातो. सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या जन्मकाळी, तो शंभरात तेवीस-चोवीस होता. दोघे बरोबरीला येईपर्यंत मागे जायचे तर साधारण ५९० कोटी वर्षे ओलांडावी लागतात. रदरफर्डने १९२९ मध्ये याच रीतीने हिशेब मांडला होता. त्याच्या हाती असलेले अर्धायुष्यांचे आकडे कच्चे होते, म्हणून उत्तर कमी आले. रीत मात्र आजही उभी आहे.

चिकित्सक श्रोता येथे विचारील की, आरंभी दोघे बरोबरीने होते हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे कॅमेरॉनने, जड मूलद्रव्ये कशी घडतात ते दाखवले. लोखंडापर्यंतची द्रव्ये ताऱ्यांच्या पोटात हलक्या अणुकेंद्रांच्या मीलनातून होतात. त्यापुढे मीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट ती खर्ची पडते. युरेनियमपर्यंत पोहोचायचे तर केंद्रांवर न्यूट्रॉनांचा असा भडिमार व्हावा लागतो की एक पचवून किरणोत्सर्गाने स्थिर होण्याआधीच पुढचे न्यूट्रॉन येऊन आदळावेत. अशा घडणीत २३५ चे प्रमाण २३८ पेक्षा थोडे जास्तच निघते. समजा, हा सिद्धान्त चुकला आणि २३५ खरे तर निम्मेच तयार झाले. तरी उत्तर फक्त ८३ कोटी वर्षांनी खाली येते, म्हणजे ५०० कोटींच्या वरच राहते. घडण एका झटक्यात न होता अनेक युगे चालली असेल, तर आरंभ आणखी मागे जातो. कोणत्याही बाजूने पाहिले तरी युरेनियम पृथ्वीपेक्षा वडील ठरते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: आज मोजलेले क्षयाचे वेग कोट्यवधी वर्षांपूर्वीही हेच होते का? याचे उत्तर आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये मिळाले. १९७२ साली फ्रान्समधल्या पिएरलाट येथील प्रयोगशाळेत ओक्लो खाणीच्या युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के भरले. फरक तिसऱ्या दशांशस्थळातला, पण तपासनिसांनी तो सोडला नाही, आणि मला विज्ञानातला हा चिकाटीचा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. शोधाअंती कळले की तेथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. विखंडनातून उरणारे निओडिमियमचे विशिष्ट मिश्रण खडकात जसेच्या तसे होते. त्याआधी हवेत प्राणवायू वाढला, प्राणवायुयुक्त पाण्यात युरेनियम विरघळले, आणि सेंद्रिय पदार्थ लागला तेथे ते साक्याच्या रूपाने बसले. पृथ्वीच्या कवचात टनामागे जेमतेम पावणेतीन ग्रॅम विखुरलेले हे द्रव्य असे एकवटले. घडवणे पृथ्वीच्या हाती नव्हते, गोळा करणे होते. साध्या पाण्यावर चालणाऱ्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना समृद्ध, म्हणजे २३५ चा वाटा वाढवलेले, युरेनियम लागते, कारण आजच्या ०.७२ टक्क्यांत साध्या पाण्याच्या भट्टीचे काम भागत नाही. ओक्लोलाही पाणी साधेच होते. पण आपल्या हिशेबाने २०० कोटी वर्षांपूर्वी २३५ चे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर येते, आणि भट्टी पेटायला तेवढे पुरते. शिवाय तेथल्या समेरियमने न्यूट्रॉन किती गिळले ते मोजून केंद्रातल्या बलांचा निकाल लागला: ती तेव्हाही आजच्यासारखीच होती, म्हणून क्षयाचे वेगही.

मग युरेनियम घडवणारा तो न्यूट्रॉनांचा भडिमार झाला कोठे? दीर्घकाळ बोट अतिनवताऱ्यांकडे होते. पण नेहमीच्या अतिनवताऱ्यांत ही घडण होत असती, तर ८ कोटी वर्षे अर्धायुष्याचे प्लुटोनियम-२४४ समुद्रतळाच्या थरांत सतत पडताना दिसले असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते अपेक्षेच्या शंभराव्या हिश्श्याइतके निघाले. म्हणजे उगम दुर्मीळ आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या. मागाहून उजळलेल्या प्रकाशात जड द्रव्यांच्या खुणा मिळाल्या, आणि नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्या टकरीचा माग घेतला. त्यात युरेनियम थेट दिसले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. अशी टक्कर व्हायला सहसा दीर्घ काळ जातो, आणि तरी २००१ मध्ये सीएस ३१०८२-००१ या अतिप्राचीन ताऱ्यात युरेनियमची रेषा सापडली आहे. म्हणून टक्कर हा एकमेव उगम नसावा. प्रचंड चुंबकत्वाच्या ताऱ्यांचे भडके हाही आता गंभीर दावेदार आहे. माझा कल मात्र असा की, उगम एक असो वा दोन, तो क्वचितच घडणारा होता एवढे समुद्रतळाने ठरवून टाकले आहे.

पुढची मोजणी येथेच, मराठवाड्यात व्हायची आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. टक्कर आकाशात नेमकी कोठे झाली हे ती अधिक अचूक सांगेल, आणि मग दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील. या सभेत जे विद्यार्थी आहेत त्यांनी भौतिकशास्त्राची वाट धरताना तेथल्या कामाचा विचार जरूर करावा, ही माझी विनंती आहे.