चित्र दिसतंय, फुटेज कुठंय?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

सोसायटीतली दुचाकी पहाटे चोरीला गेली की सकाळी आठला सेक्रेटरींच्या केबिनमध्ये गर्दी जमते. पडद्यावर चार चौकोन लख्ख दिसत असतात: गेट, पार्किंग, जिना, पाण्याची टाकी. सेक्रेटरी माउस फिरवतात, प्लेबॅक उघडतात, कालची तारीख निवडतात. पट्टी कोरी. परवाची कोरी, गेल्या महिन्याचीही कोरी. वॉचमन म्हणतो, "साहेब, कॅमेरे तर चालू आहेत."

त्याचं काही चुकत नाही. कॅमेरे चालूच असतात. पाहणं आणि साठवणं ही दोन वेगळी कामं, आणि दुसरं काम करते डीव्हीआरच्या पत्र्याच्या पेटीतली हार्ड डिस्क. तिची विचारपूस चोरी होईपर्यंत कुणी करत नाही. इथे जमलेल्या श्रोत्यांपैकीही अनेकांच्या घरी असे चौकोन असतील, म्हणून आधी थोडं गणित.

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.264 या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने सेकंदाला साधारण 4 मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट माहिती पाठवतो. तासाचे झाले 1.8 जीबी, दिवसाचे 43. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला 173 जीबी. "एक टीबी टाकलीय, काळजी नको" असं सांगून कॅमेरेवाल्याने बसवलेली डिस्क या हिशेबाने सहा दिवसही पुरत नाही. मग सर्वांत जुनं पुसून त्या जागी नवं लिहिलं जातं. डोंबिवलीतलं एखादं कुटुंब गणपतीला कोकणात गेलं, दुसऱ्याच रात्री कुलूप तुटलं आणि मंडळी अनंत चतुर्दशी करून परतली, तर तोवर चोर डिस्कवरून केव्हाच पुसला गेलेला असतो. यात बिघाड कसलाच नाही. यंत्राने नेमून दिलेलं काम चोख केलं.

उपाय सेटिंगमध्येच आहे. कॅमेरा आणि डीव्हीआर दोन्हींना एच.265 चालत असेल तर ते निवडावं, जागा साधारण निम्मी लागते. जिन्यातल्या कॅमेऱ्याला सेकंदाला 25 फ्रेम कशाला हव्यात? 12 पुरतात. गेटच्या कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन मात्र कमी करू नये, नाहीतर गाडीची नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा डाग. 'हालचाल झाली तरच रेकॉर्ड' हा पर्यायही चांगला, पण त्याला कोळी फसवतो. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो आणि ते वाऱ्याने हललं की रेकॉर्डिंग सुरू. अशा वेळी नवी डिस्क आणण्याआधी केरसुणी आणावी.

डिस्कही कुठलीही चालत नाही. जुन्या कॉम्प्युटरमधली काढून बसवायची काटकसर आपल्याकडे फार. घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्कवर वर्षाला साधारण 55 टीबी इतका भार धरलेला असतो; कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या डिस्कवर 180. वरचेच चार कॅमेरे दिवसरात्र चालले तर वर्षाला 63 टीबी लिहितात. जुनी डिस्क का दमते, ते इथेच कळतं.

पण डिस्कला दोष देण्याआधी अडॅप्टर तपासायला हवा. हा प्रकार फार फसवा असतो. पेटीतून टक्... टक्... असा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. पडद्यावर 'नो हार्ड डिस्क'. घरमालक डिस्क मेली असं समजून नवी आणतो, तीही टक्टक करते. खरं कारण भिंतीला लावलेल्या 12 व्होल्टच्या काळ्या ठोकळ्यात असतं. डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला सर्वांत जास्त वीज लागते आणि म्हातारा झालेला अडॅप्टर नेमका तिथे मान टाकतो. कॅमेऱ्यांची वीज बहुधा वेगळ्या सप्लायवरून येते, म्हणून चित्र शाबूत दिसतं. तेवढ्याच व्होल्टचा नि पुरेशा अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा, मग वीज बंद करून डिस्कची केबल काढून घट्ट बसवावी. त्यानंतर डिस्कचा नंबर.

वायफाय कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड वेगळ्याच तऱ्हेने मरतं. फॉरमॅट केलं, 'यशस्वी' असा संदेश आला, कॅमेरा बंद करून चालू केला, तर मार्चमधलं तेच फुटेज जसंच्या तसं! लिहिण्याची ताकद संपलेलं कार्ड फक्त वाचू देतं. त्यावर इलाज नाही. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं नवं घ्यावं. स्वस्तात मिळालेलं 256 जीबीचं कार्ड मुळात 32चं असण्याचीही शक्यता असते. एच2टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचतो, तेव्हा सोंग उघडं पडतं.

कधी फुटेज असतं, पण सापडत नाही. डीव्हीआरमधला नाण्याएवढा सेल संपला आणि वीज गेली की घड्याळ 1 जानेवारी 2000 वर जाऊ शकतं. कालचा चोर मग थेट 2000 सालात शोधावा लागतो.

फुटेज मिळालं तर पहिलं काम म्हणजे रेकॉर्डिंग थांबवणं, कारण नवं लिहिलं जाईल तसं जुनं जात राहतं. डीव्हीआर 'फॉरमॅट करू का?' असं विचारत असेल तर उत्तर 'नाही'. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकल्याने चोर ओळखला जाईल कदाचित, पण कोर्टात ते पुरत नाही. जालन्याचं उदाहरण आहे. 2014च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितलं, की मूळ यंत्र हजर केलं नसेल तर प्रतीसोबत साक्ष कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून ती जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 ने घेतली, आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश', म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, तोही लिहावा लागतो.

म्हणून बऱ्याचदा पोलीस डिस्कच मुद्देमाल म्हणून घेऊन जातात. पंचनाम्यावर सेक्रेटरी सही करतात. रिकाम्या पेटीत नवी डिस्क बसवायचा विषय पुढच्या कमिटी मीटिंगवर ढकलला जातो, आणि केबिनमधल्या पडद्यावर चारही चौकोन लख्ख दिसत राहतात.