नवे घर आणि पहिला पावसाळा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्यांनी केली त्यांनी तिसरी एक गोष्ट बहुधा गृहीत धरली असावी. बांधलेल्या घरात पहिले वर्ष राहून पाहणे, ही ती तिसरी गोष्ट होय. श्रोतेहो, वास्तुशांत झाली, उंबऱ्यावर हळदकुंकू पडले, चुलीवर दूध उतू गेले, पंक्ती उठल्या की घर पुरे झाले असा सामान्य समज आहे. वस्तुतः त्या दिवशी फक्त गवंडी मोकळा होतो. घराची परीक्षा पुढेच असते, आणि परीक्षक असतो मृगाचा पाऊस.

खुलताबादेसारख्या डोंगरावरील गावी हे विशेष प्रत्ययास येते. दौलताबाद आणि वेरूळ यांच्या दरम्यान, भोवतालच्या मैदानाहून सुमारे ५०० फूट उंचीवर हे गाव वसले आहे. पूर्वी यास रौझा म्हणत. सूफी संतांचे दर्गे, औरंगजेबाची उघड्या आकाशाखालील साधी कबर, मलिक अंबराचा मकबरा, यांमुळे कायमचा निवारा म्हटला की प्रवाशास येथे थडगीच आठवतात. परंतु याच गावात संसारही पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत, भद्रा मारुतीला नवस बोलून पाया खोदणारे गृहस्थही येथे आहेत.

डोंगरावर बांधणाऱ्यास एक सुख असते. थोडे खणले की मुरूम किंवा काळा पाषाण लागतो आणि पाया निश्चिंत होतो. खाली मैदानातील काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घालून उभारलेली भिंत पहिल्याच वर्षी तिरपी चिरते. याच पाषाणात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, आणि तेही वरून खाली. म्हणजे शिखर आधी आणि जोते शेवटी. संसारी माणसाला ती सोय नाही. त्याचे छप्पर शेवटी येते, आणि छपराची पाळी येईपर्यंत त्याची थैली रिकामी झालेली असते.

खरे दुखणे येथेच आहे. आरंभी हात सैल असतो. चौकटीवर नक्षी हवी, दर्शनी भिंत घडीव दगडाची हवी, दिवाणखान्यात फरशी गुळगुळीत हवी. मग उसनवारी सुरू होते, आणि जेथे कोणाची नजर जात नाही तेथे काटकसर केली जाते: गच्चीचा उतार, पन्हळ, मोरीचा निचरा, भिंतीच्या पायथ्याशी ओटा. पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी खर्च झाला आणि पावसाच्या वाटेवर कसर झाली, असे घर आषाढात बोलू लागते.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या अथवा काटक्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर मातीचा जाड थर. वैशाखात अशा घरात शिरले की माठाजवळ बसल्यासारखे वाटे. पण हे छप्पर दरवर्षी सेवा मागे. पावसाळ्यापूर्वी वर चढून गवत उपटावयाचे, भेगा बुजवावयाच्या, पांढरी माती पसरून धुम्मसाने चोपावयाची. हे काम घरातील बायकामुलेही करीत. किंबहुना कोणत्या कोपऱ्यात कोणत्या नक्षत्राला ठिबक लागते हे गृहस्थापेक्षा गृहिणीलाच ठाऊक असे. ते ज्ञान घराबरोबर विकत मिळत नाही.

या सेवेतच एक घातही दडलेला होता. जुनी माती न उतरविता वर नवी चढवीत गेल्याने छप्पर वर्षानुवर्षे जड होत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, त्यांतील बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळून. पुढे अनेक गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे कुटुंबांना नवी घरे मिळाली. पण सरळ आखीव रस्त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या त्या घरांना आपलेसे करावयास लोकांना वेळ लागला. कोणी पुढे पडवी काढली, कोणी मागे चूल मांडली, कोणी गुरांसाठी छपरी घातली. सरकारी कागदावर ती घरे पूर्वीच पुरी झाली होती.

आता माळवद मागे पडत चालले आहे आणि सर्वत्र सिमेंटचा स्लॅब पडतो. त्याचा स्वभाव निराळा. स्लॅब वाळून घट्ट होत नाही, तो ओला राहून घट्ट होतो. म्हणून त्यावर मातीची आळी बांधून दोन आठवडे पाणी उभे ठेवावे लागते, आणि त्याची ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी मोजण्याचा परिपाठ आहे. परंतु मुहूर्त अक्षय्यतृतीयेचा, स्लॅबही त्याच उन्हात, आणि डोंगरावर तेव्हा पिण्याच्या पाण्याचीच मारामार! घागर घरच्या तोंडी घालावी की स्लॅबच्या, हा प्रश्न गृहिणीसमोर उभा राहतो, आणि तिने कोणता निर्णय करावा हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही इंजिनिअरला नाही. उपाय आहे तो आधीचा. बांधकाम पावसाळा सरल्यावर धरावे आणि स्लॅब थंडीच्या दिवसांत घालावा. जुने गवंडी चुन्याच्या कामालाही अशीच सवड देत. बैल जुंपून घाणीत मळलेला चुना हवेतून सावकाश घट्ट होतो. त्याच्यावर घाई चालत नाही.

याच खुलताबादेत पहुडलेल्या मलिक अंबराने १६१० साली खडकी नगर वसविले, तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर झाले. त्याने त्या नगराला जमिनीखालील नहरींनी पाणी आणले. शहरे वसविणाऱ्या माणसाला जे उमगले ते चार खोल्या बांधणाऱ्याने विसरू नये. आधी पाण्याची टाकी आणि गच्चीवरील पावसाचे पाणी साठविण्याची सोय, मग दिवाणखान्याची फरशी, असा क्रम ठेवला तर पाहुणे थोडे कमी प्रशंसा करतील एवढेच.

घराइतकेच माणसांनाही रुळावे लागते. वाटणी होऊन वेगळे निघालेल्या कुटुंबातील वृद्ध माता कित्येकदा नव्या घरी यावयास तयार नसते. आली तरी रात्री उठल्यावर तिचा हात जुन्या घरातील खुंटी शोधतो. सुनेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर कोणत्या वाऱ्याला परततो ते कळावयास श्रावण उजाडतो. मुले मात्र आठ दिवसांत जिन्याची प्रत्येक पायरी ओळखतात.

पहिल्या सरीच्या वेळी गृहस्थाने नातलगांना घर दाखवीत फिरू नये. दिवा घेऊन प्रत्येक कोपरा न्याहाळावा, ओल दिसेल तेथे कोळशाने खूण करावी, आणि गच्चीवर जाऊन पाणी कोठे थबकते ते पाहावे. दसऱ्यानंतर गवंड्यास पुन्हा बोलवावे. त्याच्यासाठी थोडे पैसे आधीच बाजूला ठेवलेले असावेत. रंग त्यानंतर द्यावा. तोपर्यंत भिंतींवर कोळशाच्या त्या खुणा तशाच राहू द्याव्यात, आणि म्हातारीच्या उशाशी एक खुंटी ठोकून घ्यावी.