चार्टवाल्याचे गणित
(मुक्ताईनगर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

मटक्याचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद होणारे भाव मुंबईस येत आणि त्यांवर पैजा लागत. 1961 साली ते थांबले. 1962 साली कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे उरले. या तालुक्यातील कापूसवाल्याच्या हाती तेव्हाही भाव नव्हता, आजही नाही.

चार्टवाला म्हणतो, मागचे आकडे पाहा, पुढचा कळेल. (कळत असता तर त्याने चार्ट विकला असता काय?) आकडे दहा, लागला तर रुपयास नऊ, हा जुना भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे दहा जातात, नऊ येतात. तो दहावा रुपया कोणताही चार्ट परत आणीत नाही.

'हरल्यास दुप्पट लावा' ही दुसरी युक्ती. दहा रुपयांपासून आरंभ करणाऱ्याचे सात वेळा चुकल्यावर 1270 रुपये गेलेले असतात. आणि असे लागोपाठ चुकणे शंभरात सुमारे 48 वेळा घडते. आठव्या खेपेचे 1280 रुपये शेतमजुराने आणावयाचे कोठून? सावकाराकडूनच.

फुटबॉलच्या पैजांची 'पद्धत' विकणारेही हेच झाकतात. तेथे बुकीचा हिस्सा भावातच मुरलेला असतो. 2025 साली केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मुंबई प्रांतात जुगारबंदीचा कायदा 1887 सालीच झाला होता. मटका जन्मला त्यानंतर 75 वर्षांनी.