राखीव संघाचा पराभव

एकाच फुटबॉल क्लबानें चोवीस तासांच्या अवधींत दोन निरनिराळ्या खंडांत दोन महत्त्वाचे सामने खेळावे, ही गोष्ट ऐकणारास प्रथम अंकगणितांतल्या कोड्यासारखी वाटेल. परंतु डिसेंबर २०१९ मध्यें इंग्लंडांतील लिव्हरपूल या नामांकित क्लबावर नेमका हाच प्रसंग आला. १७ डिसेंबरच्या रात्रीं बर्मिंगहॅम शहरीं ॲस्टन व्हिला या क्लबाशीं लीग कपच्या उपांत्यपूर्व फेरीचा सामना ठरलेला. आणि दुसऱ्याच दिवशीं तेथून तीन हजार मैलांहून अधिक अंतरावर, कतारची राजधानी दोहा येथें, जागतिक क्लब-स्पर्धेच्या उपांत्य फेरींत मेक्सिकोच्या मोंतेरे संघाशीं गांठ पडलेली. तींच अकरा माणसें दोन्ही ठिकाणीं असूं शकत नाहींत. तेव्हां क्लबानें आपला मुख्य संघ दोहास धाडला आणि बर्मिंगहॅमला राखीव संघांतील पोरें रवाना केलीं. तीं पोरें पांच गोलांनीं हरलीं. जगांत दररोज शेंकडों सामने हरले जातात. पण या पराभवांत कांहीं प्रश्न असे गुंतलेले आहेत, कीं ज्यांना फुटबॉलची गोडी नाहीं, त्यांनींही त्यांचा क्षणभर विचार करावा.

ही अडचण कोणाच्या आळसामुळें उद्भवली नव्हती. ती दोन विजयांमुळें उद्भवली होती. १ जून २०१९ रोजीं माद्रिद येथें लिव्हरपूलनें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें, आणि युरोपचा विजेता म्हणून जागतिक क्लब-स्पर्धेंत जाणें त्यास प्राप्त झालें. इकडे ३० ऑक्टोबरला लीग कपच्या आधींच्या फेरींत बहुतांशीं तरुण व बदली खेळाडूंच्या संघानें आर्सेनलशीं पांच-पांच अशी बरोबरी साधून पेनल्टींवर पांच विरुद्ध चार असा विजय मिळविला. तो सामना आर्सेनलनें जिंकला असता, तर पुढची सर्व यातायात आपोआप टळली असती! संघाचे जर्मन मॅनेजर युर्गन क्लॉप यांनीं त्याच रात्रीं बजावून सांगितलें, कीं योग्य तारीख मिळाली नाहीं तर आपला क्लब पुढील फेरी खेळणारही नाहीं. परंतु इंग्लिश फुटबॉलचें वर्षाचें कॅलेंडर म्हणजे मुंबईची आगगाडी. तींत आधींच इतकी दाटी असते, कीं नव्या उतारूस पाय ठेवण्यास जागा सांपडत नाहीं. शेवटीं १७ तारीखच कायम झाली, आणि एका क्लबाचे दोन संघ करण्याचें ठरलें.

येथें लीग कपची थोडी माहिती देणें अवश्य आहे. ही स्पर्धा १९६० सालीं सुरू झाली. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार विभागांतील ब्याण्णव क्लब तींत भाग घेतात. तिचा पहिलावहिला चषक ज्यानें जिंकला, तो क्लब म्हणजे हाच ॲस्टन व्हिला. परंतु इंग्लंडांतील दुसरी चषक-स्पर्धा, जिला एफ. ए. कप म्हणतात, ती हिच्याहून जवळजवळ नव्वद वर्षांनीं वडील. त्यामुळें लीग कपच्या वांट्यास धाकटेपण आलें तें कायमचें. मोठे क्लब पुष्कळदां या स्पर्धेंत बदली खेळाडू उतरवितात. तरीही १७ डिसेंबरला जें घडलें, तें नेहमींच्या प्रघाताहून निराळें होतें. बदली खेळाडू देणें वेगळें, आणि मॅनेजरसकट सगळा मुख्य संघ परखंडांत असतां शाळकरी वयाच्या मुलांना मैदानावर पाठविणें वेगळें.

व्हिला पार्कवर लिव्हरपूलच्या वतीनें जे अकराजण उभे राहिले, त्यांचें सरासरी वय १९ वर्षें १८२ दिवस होतें. क्लबाच्या इतिहासांत तोंपर्यंत इतका कोवळा संघ कधींच उतरला नव्हता. कर्णधार पेद्रो चिरिव्हेया हा स्पॅनिश तरुण बावीस वर्षांचा, आणि तोच सर्वांत वडील. हार्वे इलियट सोळा वर्षांचा. सेप व्हॅन डेन बर्ग या डच मुलाचा अठरावा वाढदिवस तीन दिवसांवर आलेला. अकरांपैकीं पांचजण तर मुख्य क्लबाकडून त्या रात्रीं पहिल्यानेंच खेळत होते. त्यांची जबाबदारी तेवीस वर्षांखालील संघाचे मार्गदर्शक नील क्रिचली यांच्यावर होती. समोर व्हिलानेंही आपल्या संघांत पुष्कळ बदल केले होते. पण ते बदली खेळाडू प्रौढ, अनुभवी आणि व्यवसायांत मुरलेले होते.

खेळाची सुरवात मात्र कोणाच्याही अपेक्षेप्रमाणें झाली नाहीं. पहिलीं दहा-बारा मिनिटें चेंडू बहुधा त्या मुलांच्याच पायांत होता. आखूड पास, मोकळ्या जागेकडे धांव, चेंडू गेल्याबरोबर तो परत मिळविण्याची धडपड, असा जो खेळ मुख्य संघ खेळतो, तोच हीं मुलें खेळत होतीं, आणि व्हिलाच्या गोलरक्षकास प्रारंभींच हातपाय हालवावे लागले. मग चौदाव्या मिनिटास कॉनर हूरिहेन यानें फ्री-किक मारली. चेंडू दोन्ही बाजूंच्या गर्दींतून कोणासही न लागतां थेट जाळ्यांत गेला. तीन मिनिटें जातात न जातात तोंच उजवीकडून आलेला एक चेंडू अठरा वर्षांच्या मॉर्गन बॉइस याच्या अंगावर आपटून उंच उडाला आणि त्याच्याच गोलरक्षकाच्या डोक्यावरून आंत पडला. ज्या मुलानें लहानपणापासून या पहिल्या सामन्याचीं स्वप्नें पाहिलीं असतील, त्याचें नांव गोलांच्या यादींत असें लिहिलें जावें, हा दैवाचा क्रूर विनोदच म्हटला पाहिजे. सदतिसाव्या मिनिटास जोनाथन कोजिया यानें तिसरा गोल केला, आणि मध्यंतराच्या तोंडावर त्यानेंच चौथा.

चार गोल अंगावर घेऊन मध्यंतरास आंत जाणाऱ्या मुलांच्या मनःस्थितीची कल्पना कोणासही करतां येईल. असल्या वेळीं मोठमोठे संघही मोडून पडतात. आणि मग चाराचे आठ व्हावयास वेळ लागत नाहीं. या मुलांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. मध्यंतरानंतरच्या नव्वद मिनिटांपर्यंतच्या खेळांत व्हिलास एकही गोल करतां आला नाहीं. पुढें असलेल्या संघाचा जोर थोडा ओसरतो हें खरें. तरी पण मुलांनीं आपला खेळ सोडला नाहीं, बचावासाठीं सगळेजण गोलपाशीं गोळा झाले नाहींत, कीं चेंडू नुसता दूर उडवून देऊन वेळ काढला नाहीं. नव्वद मिनिटें संपल्यावर वाढवून दिलेल्या वेळांत वेस्ली या ब्राझिली खेळाडूनें पांचवा गोल केला, आणि फलकावर पांच विरुद्ध शून्य हे अंक कायम झाले.

आतां मुख्य प्रश्न. हें जें झालें, तें योग्य झालें काय? आक्षेप घेणारांची बाजू दुबळी नाहीं. ज्या प्रेक्षकानें पदरचे पैसे खर्चून तिकीट काढलें, त्यास युरोपचा विजेता संघ पाहावयाचा होता. त्याच्यापुढें विद्यार्थी उभे करण्यांत आले. स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीस कांहीं प्रतिष्ठा असेल, तर ती एका बाजूनें आधींच सोडून दिल्यासारखी झाली. आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, कीं मोठ्यांच्या महत्त्वाकांक्षेचा भार लहानांच्या खांद्यावर टाकण्यांत आला. सन्मान दोहास गेला, आणि पराभव तेवढा पोरांच्या वांट्यास ठेवला.

या शेवटच्या आक्षेपाचें उत्तर शोधावयाचें, तर तें त्या मैदानावरच शोधलें पाहिजे. त्या मुलांस कोणी फसवून नेलें नव्हतें. समोर कोण आहे आणि निकाल काय लागण्याचा संभव आहे, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. जो विद्यार्थी केवळ जिंकण्याची खात्री असेल तेथेंच परीक्षेस बसतो, त्यास आपलें बळ कधींच कळत नाहीं. दुसरें असें, कीं प्रतिपक्षानें त्यांना लहान म्हणून वागविलें नाहीं. व्हिलाचा पांचवा गोल कित्येकांस निर्दय वाटला असेल. परंतु दया करून खेळणें हाच खेळाडूचा खरा अपमान होय. बापानें मुलाशीं बुद्धिबळ खेळतांना मुद्दाम वजीर गमवावा, त्यांत कौतुक असतें, पण बरोबरी नसते. व्हिलानें त्या मुलांस बरोबरीचे मानलें, म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांच्यावर गोल केला.

आणि सामना संपल्यावर त्याच व्हिलानें जें केलें, तें तितकेंच बोलकें आहे. मॅनेजर डीन स्मिथ व त्यांचे सहकारी जॉन टेरी हे पाहुण्यांच्या खोलींत जाऊन त्या मुलांना भेटले आणि पुढील वाटचालीसाठीं त्यांना शुभेच्छा देऊन आले. टेरी हे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे एके काळचे कर्णधार. मैदानावर सवलत नाहीं आणि मैदानाबाहेर तुच्छता नाहीं, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे पराभवास विष चढत नाहीं.

पुढची हकीगत थोडक्यांत अशी. दुसऱ्या दिवशीं दोहा येथें मुख्य संघानें मोंतेरेवर दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला, आणि २१ डिसेंबरला ब्राझीलच्या फ्लामेंगोस जादा वेळांत एका गोलानें हरवून जागतिक क्लब-अजिंक्यपद प्रथमच लिव्हरपूलला आणलें. व्हिलाचा संघ लीग कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि १ मार्च २०२० रोजीं मँचेस्टर सिटीकडून दोन विरुद्ध एक असा हरला. बर्मिंगहॅमच्या त्या रात्रीनंतर सात आठवड्यांनीं, ४ फेब्रुवारी २०२० रोजीं, क्रिचली यांनीं पुन्हा एकदां मुलांचा संघ उतरविला. या वेळीं घरच्या मैदानावर, एफ. ए. कपमध्यें, श्रूजबरी टाउनविरुद्ध. त्याची वयाची सरासरी १९ वर्षें १०२ दिवस, म्हणजे आधींच्याहूनही कमी होती. व्हिला पार्कवर हरलेल्यांपैकीं सहाजण त्यांत होते. तो सामना त्यांनीं एका गोलानें जिंकला.

त्या अकरांपैकीं सगळेच मोठे झाले, असें सांगणें सत्यास सोडून होईल. कित्येकांचा लिव्हरपूलच्या मुख्य संघांतला तो पहिला सामना शेवटचाही ठरला. ते दुसऱ्या क्लबांत, दुसऱ्या शहरांत, कांहीं तर दुसऱ्या देशांत आपलें नशीब शोधीत गेले. कर्णधार चिरिव्हेया फ्रान्समध्यें गेला आणि २०२२ सालीं नांतच्या संघांतून त्यानें फ्रेंच चषक जिंकला. त्याच वर्षीं २७ फेब्रुवारीस लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर लीग कपच्याच अंतिम सामन्यांत लिव्हरपूल व चेल्सी यांची बरोबरी झाली, आणि पेनल्टींचा क्रम इतका लांबला, कीं शेवटीं गोलरक्षकांसही चेंडू मारावा लागला. लिव्हरपूलची अकरावी पेनल्टी ज्यानें अचूक मारली, तो गोलरक्षक म्हणजे कीव्हीन केलेहर. व्हिला पार्कवर ज्याच्या जाळ्यांतून पांचदां चेंडू काढावा लागला होता, तोच हा तरुण. त्याच रात्रीं इलियटनेंही आपली पेनल्टी जाळ्यांत मारली. पुढें २०२५ सालीं हाच इलियट उसन्या कराराने ज्या क्लबांत गेला, तो क्लब होता ॲस्टन व्हिला.

यावरून पराभव हा नेहमींच यशाची पायरी असतो, असा सुभाषितवजा निष्कर्ष काढण्याचें कारण नाहीं. ज्यांची पायरी तेथेंच संपली, त्यांच्याशीं तो अन्याय होईल. निष्कर्ष एवढाच, कीं मोठ्या संस्थेस कधीं कधीं आपल्या धाकट्यांस पुढें करावें लागतें, आणि त्या वेळीं त्यांना जिंकण्याची हमी देतां आली नाहीं, तरी खेळण्याची रीत मात्र आधींपासून शिकवून ठेवतां येते. ती त्या मुलांना शिकविलेली होती. म्हणूनच चार गोल झाल्यावरही तीं मुलें पुढें पास देत राहिलीं.