प्लॅस्टर, नेल की प्लेट?
(साहाय्यक मंडळींच्या वार्षिक सभेत आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण विचारतात, "लहान मुलाच्या हाताला प्लॅस्टर पुरत नाही का? ऑपरेशनचा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे.

मोहाच्या, आंब्याच्या झाडावरून पडलेली मुले पाड्यांवरून आमच्याकडे नेहमी येतात. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये दोन हाडे असतात. त्यांतले एक दुसऱ्याभोवती फिरते, म्हणून तळवा वर-खाली वळतो. हाडे वाकडी जुळली तर मुलाला ओंजळ धरता येत नाही. ज्याचे पोट हाताच्या कष्टावर चालणार, त्याला हे जन्मभराचे अधूपण.

पहिला उपाय प्लॅस्टरच. दहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांची हाडे भूल देऊन बसवली की प्लॅस्टरमध्ये साधारण सहा आठवड्यांत जुळतात. थोडा बाक राहिला तर वाढीबरोबर तो कमी होतो. पीळ मात्र आपोआप सुटत नाही. हाड पुन्हा सरकले, कातडी फाडून बाहेर आले, किंवा मूल मोठे असले, तर ऑपरेशन करावे लागते.

त्यात मुख्य मार्ग दोन. प्लेट बसवायला मोठा छेद लागतो. पण हाड अचूक जागी येते. वाढ संपत आलेल्या मुलांना किंवा हाडाचे तुकडे झाले असतील तर ती उपयोगी. दुसरा मार्ग लवचीक नेलचा. फ्रान्समधील नॅन्सी शहराच्या डॉक्टरांनी ही पद्धत रूढ केली. दोन-अडीच मिलिमीटर जाडीची सळई लहानशा छेदातून हाडाच्या पोकळीत सरकवतात, प्रत्येक हाडात एक. हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग टाळून ती आत घालतात, म्हणून हाताची वाढ खुंटत नाही. टायटॅनियम महाग, स्टीलचे नेल स्वस्त आणि मुलांच्या हातात तेही चांगले काम करते. आपल्या देशात डॉ. तळवलकरांच्या नावाचे चौकोनी नेलही वर्षानुवर्षे वापरले जाते.

म्हणजे सर्वांत महाग वस्तू हीच सर्वांत चांगली, असे नाही. खरी अडचण पुढे येते. हाड पक्के जुळल्यावर, साधारण सहा महिने ते वर्षभरात, नेल काढायचे असते. पण हात दुखत नाही, मजुरी बुडते, गाडीभाडे नाही, म्हणून आईवडील येत नाहीत. मग कातडीखालचे टोक टोचते, कधी जखम होऊन पू धरतो. म्हणून तुम्ही एका नेलचे पैसे देता तेव्हा परतीच्या फेरीचे भाडेही त्यात धरा, ही माझी विनंती.

आणखी एक. पाड्यावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधतात. हात सुजला की आतला रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन सर्जन फोल्कमन यांनी १८८१ सालीच हे लिहून ठेवले. अशा हाताला कुठलेही नेल पूर्ववत करू शकत नाही. बोटे बधिर झाली, थंड पडली, किंवा ती सरळ करताना मूल किंचाळले, तर बांधणी ताबडतोब सोडा आणि त्याच रात्री दवाखान्यात आणा. आपल्या सेविकांनी हे घरोघरी सांगावे. हाडवैद्याशी भांडू नये, त्यालाही हीच खूण शिकवावी.

तुमच्या प्रार्थनेत ही मुले असू द्या.