पाटीवरचीं अक्षरें आणि शेजारचें मूल
(अंथुर्णे येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



मुलाला वाचतां येतें काय, पाढे पाठ आहेत काय, हें आपण रोज विचारतों. त्याला राग आवरतां येतो काय, शेजारच्याचें दुखणें कळतें काय, आपलें दुःख चारचौघांत सांगण्याची छाती आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें याला ‘सामाजिक व भावनिक शिक्षण’ असें भारदस्त नांव दिलें. नांव नवें असेल. वस्तु आमच्या घरची आहे.

जोतीराव व सावित्रीबाईंनीं 1848 सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. पुढें त्यांच्याच शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीनें मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 1855 सालीं ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिला नुसतें शुद्धलेखन शिकविलें असतें, तर तिनें पुस्तकांतला उतारा उतरून दिला असता. मनांत सलतें तें बोलण्याचें बळही तिला त्या शाळेनें दिलें. ज्यांना ‘बोलूं नका’ म्हणूनच वाढविलें जातें, त्यांना हें बळ अक्षरांइतकेंच लागतें.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीं तर हें काम चुलीपासून धरलें. सातारच्या त्यांच्या वसतिगृहांत 1924 पासून निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र रांधीत, एका पंक्तीला जेवीत. एका तव्यावरची भाकर खाणाऱ्याला समता फळ्यावर लिहून दाखवावी लागत नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. नीरेच्या डाव्या कालव्यानें या भागांत ऊस आणला, आणि तो तोडायला दर हंगामांत बीड-नगरकडचीं कुटुंबें येतात. त्यांचीं मुलें कोप्यांवर धाकटें भावंड सांभाळतात. शाळेंत आलींच तर मागें गप्प बसतात. कोणी ‘कोपीवरचा’ म्हणून हिणवलें कीं तें पोर दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. बागायतदाराच्या मुलानें हा शब्द कोठें ऐकला? तुमच्या-आमच्या ओसरीवर! ज्यांच्या आजा-पणजाला ‘कुणबट’ म्हणून दाराबाहेर उभें केलें, त्यांच्याच ओसरीवर!

मास्तरांकडे आमचें मागणें थोडें आहे. मुलें भांडलीं कीं दटावून गप्प करूं नका. दोघांना समोरासमोर बसवा. तुला काय वाटलें, त्याला काय वाटलें असेल, हें त्यांच्याच तोंडून येऊं द्या. याला पैसा लागत नाहीं, वेळ लागतो. आणि धडा मागें पडला म्हणून पालकांनीं ओरड करूं नये.

यंदा टोळ्या उतरल्या कीं चार पालकांनीं शिक्षकांसह कोप्यांवर जावें, मुलांचीं नांवें शाळेंत घालावींत आणि त्यांना गांवच्या मुलांच्या मधोमध बसवावें. मधल्या सुट्टींत कोण कोणाशीं भाकर वांटून खातें, हें पाहायला आम्ही पुन्हा येऊं.