17 रुपये 70 पैशांचा हिशोब



बँकेविषयी नाते गावात बोलायचं म्हणजे जरा दबकूनच बोलावं लागतं. चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथला, 14 जानेवारी 1896 चा. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्याच कारकिर्दीत 1 जानेवारी 1949 ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली आणि त्याच वर्षी 16 मार्चपासून बँकांचा कायदा लागू झाला. पुढे त्या कायद्यात 35अ हे कलम आलं आणि बँकांना हुकूम देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. मी आज जे काही सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या कलमावर उभं आहे. चिंतामणरावांवर बोलायला माझ्याहून जाणती माणसं समोर बसली आहेत. मी बोलणार आहे पासबुकातल्या बारीक अक्षरांच्या ओळींवर.

त्यातली एक ओळ 17 रुपये 70 पैशांची. 15 रुपये आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. जनधन किंवा साधं मूलभूत बचत खातं असलेल्या माणसाने महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले, की पुढच्या प्रत्येक वेळी स्टेट बँक एवढे कापत होती. काढले म्हणजे एटीएममधूनच असं नव्हे. दुकानात रुपे कार्ड घासलं, फोनवरून यूपीआय केलं, तेही मोजणीत. एकीकडे सरकार म्हणत होतं डिजिटल व्हा, आणि किराणावाल्याला 40 रुपये पाठवणाऱ्या बाईचे 17.70 जात होते.

हे लावून धरलं पवईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशीष दास यांनी. त्यांच्या अहवालानुसार एप्रिल 2017 ते सप्टेंबर 2020 या काळात 14 कोटींहून अधिक डिजिटल व्यवहारांवर बँकेने 254 कोटी रुपये जमवले. 30 ऑगस्ट 2020 ला प्रत्यक्ष कर मंडळाने सगळ्या बँकांना कळवलं, की 1 जानेवारी 2020 पासून अशा व्यवहारांवर घेतलेला आकार परत करा. बँकेने सुमारे 90 कोटी परत केले. उरलेल्या 164 कोटींबद्दल तिचं म्हणणं असं, की त्या आधीच्या काळात वाजवी आकार घ्यायला आम्हाला मुभा होती. दासांचं म्हणणं, नव्हती.

त्या 164 कोटींचं काय, हा वाद इथे सोडवणार नाही. मला रस आहे तो 90 कोटींत. ते का परत आले? अन्याय अन्याय म्हणून ओरडलं म्हणून नव्हे. 1 जानेवारी 2020 ही तारीख नियमात लिहिलेली होती, म्हणून. तारखेच्या अलीकडचे पैसे आले, पलीकडचे राहिले.

इंग्लंडात हाच धडा लोकांना फार महागात पडला. तिथे खात्यात नसलेले पैसे उचलले गेले की बँका प्रत्येक वेळी ठोक दंड लावत. 2006-07 च्या सुमाराला लोकांनी छापील नमुन्यातली पत्रं बँकांना धाडायला सुरुवात केली. कोर्टात उभं राहण्यापेक्षा पैसे दिलेले बरे, असं म्हणून बँकांनी कित्येकांचे पैसे परतही केले. मग तिथल्या सरकारी व्यापार नियंत्रकाने सगळ्यांच्या वतीने चाचणी खटला लढवला. 25 नोव्हेंबर 2009 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने कौल दिला. दंड हा सेवेच्या किमतीचाच भाग आहे, तेव्हा तो रास्त आहे की नाही हे नियंत्रकाला तपासता येणार नाही. हजारो दावे अडकून पडले. तो ठोक दंड बंद झाला 2020 च्या एप्रिलमध्ये, आणि तोही नवा नियम आला म्हणून.

आपल्याकडे बचत खात्याचा नियम आधीपासून आहे. फक्त तो शाखेतल्या भिंतीवर लावलेला नसतो. 20 नोव्हेंबर 2014 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, 1 एप्रिल 2015 पासून लागू. किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवायचं. एसएमएस, ईमेल, नाहीतर पत्र. शिल्लक भरायला कळवल्यापासून एक महिना द्यायचा. त्यानंतर दंड घ्यायचाच असेल, तर जेवढे पैसे कमी पडले त्याच्या टक्केवारीत. म्हणजे 1000 हवे होते आणि 900 होते, तर दंड 100 वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं: निव्वळ या दंडामुळे खातं वजा शिलकीत जाता कामा नये.

आता पासबुकं आठवा. बिरवाडीजवळच्या एमआयडीसीत कंत्राटदार बदलला की कामगारांची बँक बदलते. मुंबईच्या चाकरमान्यांचंही तेच. पगाराचं खातं असतं तेव्हा शून्य शिल्लक चालते. पगार यायचा थांबला, की काही महिन्यांत ते गुपचूप साधं बचत खातं होतं. माणूस गावी येऊन भातलावणीला लागलेला. फोन नंबर जुना, एसएमएस कोणाकडे गेला देव जाणे. दोन वर्षांनी काही अनुदान जमा व्हायचं म्हणून तेच खातं उघडून बघितलं तर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह. 2021 च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी घरात शिरल्यावर मदत खात्यावरच यायची होती, हे इथे कोणाला सांगायला नको. अशा खात्यात पैसा पडला की आधी दंड जेवतो, मग माणूस.

काही बँका यातून पळवाट काढतात. शिल्लक शून्यावर थांबवतात, दंड बाजूला लिहून ठेवतात आणि पुढचा पैसा आला की उचलतात. याचा लेखी खुलासा जरूर मागावा. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड मुळीच लावता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत.

आणखी एक गंमत सांगतो. किमान शिल्लक बऱ्याच ठिकाणी रोजची बघत नाहीत, महिन्याची सरासरी बघतात. 3000 ची अट असेल आणि तुमच्या खात्यात तीन दिवस 30,000 राहिले, पुढे 27 दिवस शून्य, तरी सरासरी 3000 भरते. दंड नाही. उलट महिनाअखेरीला घाईघाईने 3000 भरणाऱ्याला दंड बसतो आणि तो मॅनेजरशी भांडतो.

सगळंच परत मिळतं असं मात्र समजू नका. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नव्हते आणि हप्ता परत गेला, तर तो आकार सहसा रीतसर असतो. त्याच महिन्यात तोच हप्ता तीनदा टाकून तीनदा आकार घेतला असेल तर जरूर विचारा. मे महिन्यात 436 आणि 20 रुपये जातात ते सरकारी विम्याचे. चांगले विमे आहेत. पण तुम्ही संमती दिल्याचं आठवत नसेल तर सहीचा अर्ज दाखवा म्हणा.

किमान शिलकीचा दंड मुळातच नको, असं माझं मत आहे. डॉ. भागवत कराड अर्थ राज्यमंत्री असताना ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी राज्यसभेत सांगितलं, की 2018 पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँकांनी या एका नावाखाली 21,000 कोटींहून जास्त गोळा केले. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्याकडून, पैसे नाहीत म्हणून. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये हा दंड सोडला. 2025 च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही सोडला. पण माझ्या मतावर तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. अर्जात मत लिहू नका.

अर्ज एका पानाचा पुरे. खाते क्रमांक, कोणत्या तारखेला किती कापले, आणि त्यापुढे: 2014 च्या परिपत्रकाप्रमाणे मला कळवल्याचा पुरावा द्या, टक्केवारीचा हिशोब द्या, खातं वजा गेलं ती रक्कम परत जमा करा. दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारत नाहीत? महाडच्या पोस्टातून पोहोचपावतीसह रजिस्टर करा. गोड बोलून, चहा पिऊन परत येऊ नका. तोंडी बोलण्याला तारीख नसते, आणि पुढचे 30 दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

30 दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभर एकच योजना आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, नाहीतर साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात पाठवता येते. चौकशीला 14448. फी नाही. वकीलही लागत नाही. किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. मात्र बँकेने व्यापारी निर्णय म्हणून काय दर ठेवावा यात लोकपाल पडत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, दर जास्त आहे असं लिहिलंत तर तक्रार फेटाळली जाईल. नियम मोडला असं लिहा, आणि कोणता तेही.

जिल्हा बँकेत खाती असलेले इथे बरेच असणार. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून आल्या. पतसंस्था मात्र नाहीत. नावापुढे काहीही रंगवलेलं असो, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथे रिझर्व्ह बँकेचा हात पोहोचत नाही. तिच्याविरुद्धचा अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे, सहकार खात्यात.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. ज्यांनी पासबुकं आणली आहेत त्यांनी थांबावं. शेवटची एन्ट्री भरून आणलेली नसेल तर ती आधी भरून घ्या, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.